तेरखेड्याच्या आरमारावरचा हल्ला

१

सोमवार, ८ डिसेंबर १९४१. सकाळी नऊच्या सुमाराला निजामाच्या मराठवाड्यातलं एकुलतं एक आरमार तेरखेड्याच्या तळ्यात बुडालं. समुद्र तिथून दोनशे मैलांवर आहे. आरमार बुडायला नेमकं तेरखेडंच का सापडलं, हा प्रश्न पुढं बऱ्याच शहाण्या माणसांना पडला.

आरमारात सात जहाजं होती. बांबूच्या कामट्या, वर खळ लावलेला कागद, आणि आत शोभेची दारू. बांधणारा बंडप्पा आतषबाज. मंगळवारी संध्याकाळी जिल्ह्याचे कलेक्टर, म्हणजे अव्वल तालुकदारसाहेब, लढाईच्या मदतीसाठी जलसा भरवायला येणार होते. त्यांच्यासमोर इंग्रजांची चार जहाजं जर्मनांची तीन जहाजं बुडवणार होती. लढाईचा हा निकाल गावच्या पोलीस चौकीच्या अमीनसाहेबांनी आठवडाभर आधीच लेखी मंजूर केला होता.

तळं चारी बाजूंनी चिरेबंदी. उतरायला पश्चिमेच्या अंगाला तेवढ्या पायऱ्या, पूर्वेला नुसतं पाणी आत यायचं दगडी गोमुख. शनिवारपासून पायऱ्यांवर सिदू शिपायाचा पहारा होता. बायकांना पाण्याला मनाई, मेंढरांना मनाई, मुलांना बघायलाही मनाई. जहाजं मधोमध दोरानं बांधलेली. आसपास माणूस नाही, होडी नाही. आणि तरी एकाएकी जाळ उठला, सात जहाजं धडाडली, आणि पाच मिनिटांत पाण्यावर फक्त राख आणि मेलेले मासे उरले.

"विमान आलं हुतं, साहेब," सिदूनं जबानी दिली. "घरघर आवाज करीत आलं अन् वरून इस्तू टाकून गेलं."

अमीनसाहेब पोट धरून हसले. त्यांनी सिदूला उन्हात उभं केलं.

दुपारी धाराशिवहून मोटार आली. ड्रायव्हरनं खाली उतरायच्या आत बातमी सांगितली. अमेरिकेचा पर्ल हार्बर म्हणून समुद्रात एक आरमारी तळ आहे. जपान्यानं काहीएक न कळवता त्यावर विमानं घातली आणि नांगरलेली जहाजं जागच्या जागी जाळली.

अमीनसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी सिदूला सावलीत घेतलं आणि बसायला खुर्ची दिली.

२

विमान आलं म्हणजे त्याला इथून कुणीतरी बोलावलं असणार, असं अमीनसाहेबांनी ताडलं. तास भरायच्या आत बंडप्पाच्या घराची झडती झाली. त्यात पोटॅशचा एक डबा सापडला. डब्यावर जपानी अक्षरं होती.

"ये क्या है?"

"पोटॅश हाय, साहेब. रंगाच्या दारूत घालत्यात. मुंबईहून येतंय."

"मुंबईहून की जपानहून?"

"जपानहून मुंबईला, मुंबईहून हिकडं."

"कबूल किया!" अमीनसाहेब म्हणाले आणि त्यांनी बंडप्पाला बेड्या घातल्या. मंगळवारी चार वाजता तीच मोटार त्याला गुलबर्ग्याला नेणार होती. दुश्मनाच्या हेराला तिथं काय करतात हे कुणी मोठ्यानं बोललं नाही.

त्याच वेळी बंडप्पाची बायको शांतम्मा सिताबाई कासारणीकडून बांगड्या भरून घेत होती. अमीनसाहेबांनी सिताबाईची पेटीही उघडली. काचेच्या अठरा डझन बांगड्या, आणि प्रत्येक पुडक्यावर तसलीच अक्षरं.

"ह्या तर सारा मुलूख घालतोय, साहेब," सिताबाई म्हणाली.

"सारा मुलूख तपासावा लागेल," अमीनसाहेब गंभीरपणे म्हणाले आणि पेटी घेऊन गेले.

दिवस मावळेपर्यंत गाव एकमेकाकडं तिरक्या नजरेनं बघू लागलं. जपानी भात खातात असं ड्रायव्हर बोलून गेला होता. ज्यांच्या घरी भात शिजला होता त्यांनी तो गुपचूप गुरांना घातला. ज्यांच्या गुरांनी भात खाल्ला त्यांची नावं शेजाऱ्यांनी चौकीत कळवली.

शांतम्मा दारात बसली होती. तिचा एक हात नव्या बांगड्यांनी भरलेला, दुसरा मोकळा.

"सिताबाई," ती म्हणाली, "हा दुसरा हात भरू का न्हाय, एवढंच सांग."

सिताबाई पन्नाशीची. पंचवीस वर्षं तिनं तेरखेडा, ईट आणि आसपासच्या गावांतले हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या होत्या. समोरची बाई तोंडानं काहीही सांगो, तिचा हात सिताबाईच्या हातात असायचा. कुणाला दिवस गेलेत, कुणाला नवऱ्यानं मारलंय, कोण माहेरून रडून आलीय, हे तिला बांगडी मनगटापर्यंत जायच्या आत कळायचं. पेटी गेली होती, पण टोपलीत फिरोजाबादच्या दोनचार डझन बांगड्या शिल्लक होत्या.

"उद्या चारला सांगते," ती म्हणाली आणि उठली.

३

मंगळवारी सकाळी ती आधी चौकीत गेली. पेटी मागायचं निमित्त होतं. बंडप्पा गजाआड मांडी घालून बसला होता. त्याला तुरुंगाचं फारसं वाटत नव्हतं, अपमान मात्र झोंबला होता.

"माझी दारू कच्ची हुती, आपसूक पेटली, असं गावात कोन म्हनतंय का?"

"म्हनतंय एकजण."

"त्याला सांग, दारू म्या वरच्या मजल्यात भरली हुती. खाली पाण्याजवळ नुस्ता मेण लावलेला कागद. दारू आपसूक पेटली असती तर जाळ वरून निघाला असता."

"मग कुठनं निघाला?"

"म्या कुठं बघितला? म्या घरी जेवत हुतो. त्या सिदूला इचार."

सिदू बाहेर खुर्चीत बसला होता. काल मिळालेली खुर्ची त्यानं अजून सोडली नव्हती.

"सिदूदादा, घरच्यांचं माप काय वो? दोन डझन काढून ठेवते."

सिदूनं आपलाच हात पुढं करून माप दाखवलं. सिताबाईनं हात धरला तो सोडलाच नाही.

"तुमचं विमान कुठल्या रंगाचं हुतं?"

"विमानाचा रंग..." सिदूच्या तळव्याला घाम सुटला. "आवाज ऐकला म्या. घरघर, मधीच शिट्टी, मग एकदम गप."

"अन् बघितलं?"

"न्हावी दाढी करीत हुता. मान वर केली असती तर गळा गेला असता, बाई. अमीनसाहेबांस्नी सांगू नका. मान वळवली तवा जाळ लागलेला."

"कुठल्या जहाजाला?"

"पार तिकडच्या, पूर्वेच्या. गोमुखापाशी. खालनं, पाण्याला लागून. मग वर चढला, मग धाडधाड."

सिताबाईनं त्याचा हात सोडला. विमान वरून जाळतं. पायऱ्यांवरून कुणी पलिता फेकला असता तर आधी पश्चिमेचं जहाज पेटलं असतं. इथं जाळ उलट्या दिशेनं आला होता आणि खालून चढला होता.

तेवढ्यात दोन शिपाई गोरोबा धनगराला ढकलत घेऊन आले. राखेत त्याची अर्धी जळालेली काठी सापडली होती, तीही गोमुखापाशीच.

४

गोरोबाचं कारण सरळ होतं. तळं बंद झाल्यापासून त्याची साठ मेंढरं तहानलेली होती आणि शनिवारी त्यानं सगळ्यांसमोर आरमाराला शिव्या दिल्या होत्या.

"काठी तुझीच ना?" अमीनसाहेब कडाडले.

"माझीच की. ऐतवारी गेली."

"पाण्यात कशी गेली?"

"देवळामागनं पाट येतोय न्हवं, वढ्याचा, तिथं मेंढरं पाजीत हुतो. हातातनं निसटली. पाटानं नेली, गोमुखातनं तळ्यात सोडली अन् ती जाऊन पहिल्या जहाजाच्या पोटाला टेकली. सिदूला म्हनलं, जरा काढून दे. त्यो म्हनला, आरमारात शिरायचा हुकूम न्हाय."

सिदूनं हे कबूल केलं. अमीनसाहेबांनी तरीही गोरोबाला आत घातलं. एका मोटारीत दोन आरोपी मावत होते.

सिताबाई देवळामागं गेली. पाट हातभर रुंद, पाणी घोटाएवढं पण पळतं. तिनं पाटात एक वाळकं पान सोडलं आणि वरून कडेकडेनं चालत गेली. तळं तुडुंब होतं, गोमुखाचं तोंड पाण्याला टेकलेलं; पान अलगद तळ्यात उतरलं, थोडं गरगरलं आणि जिथं काल पहिलं जहाज होतं तिथं जाऊन थांबलं.

म्हणजे आग पाण्यावरून आली होती. पाण्यावरून आग जिवंत जाते ती एकाच प्रकारे, आणि तो प्रकार तेरखेड्याच्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. महादेवाला नवस बोललेली बाई सोमवारी सकाळी पळसाच्या द्रोणात कणकेचा दिवा ठेवून तळ्यात सोडते. दिवा पल्याडच्या काठाला लागेपर्यंत तिनं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. बहुतेक वेळा घटकाभरात लागतो आणि बाई घरी जाऊन जेवते.

पण या सोमवारी पायऱ्या बंद होत्या. बाकीच्या बायकांनी देवाची माफी मागून दिवा घरातच लावला होता. एकीला मात्र घरात लावून चाललं नव्हतं. ती कोण?

आणि सिदूनं ऐकलेलं ते घरघरणारं, शिट्ट्या घालणारं विमान एकदम गप का झालं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावात एकाच घरी होतं.

५

तळ्याजवळ राहणाऱ्या महांतप्पा शेटजींच्या माडीवर गावातला एकुलता एक रेडिओ होता. तो बॅटरीवर चालायचा आणि लागताना गिरणीसारखा घरघरायचा.

"रेडिओ बिघडलाय," महांतप्पांनी सिताबाई ओसरीवर बसायच्या आतच सांगून टाकलं.

"मी कुठं इचारलं?"

"सगळे इचारतेत. शनिवारपासनं बंद हाय."

"सोमवारी नऊला लई घरघरत हुता म्हणे. तळ्यापतूर ऐकू गेलं."

महांतप्पांनी अंगावरची शाल नीट केली. मग पुन्हा नीट केली. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. जपानची बातमी येते त्याच घडीला गावातला रेडिओ बंद पडतो, आणि त्याचा मालक खोटं बोलतो. अमीनसाहेबांना एवढं कळलं असतं तर मोटारीत तिसरी जागा झाली असती.

"शेटजी, काय ऐकलं तुमी?"

"काही न्हाय ऐकलं." मग आवाज खाली आला. "सिंगापूर म्हनले. तिथंबी बाँब टाकले म्हनले. म्या कान पिळला अन् बंद करून टाकला. हिच्या कानावर जाऊ नये म्हणून."

त्यांचा मुलगा रेवणसिद्ध दोन वर्षांपूर्वी घरातून पळून मुंबईला गेला होता आणि आरमारात आगवाला, म्हणजे जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून भरती झाला होता. समुद्र न बघितलेल्या गावातून आरमारात गेलेला तो पहिलाच. त्याचं शेवटचं पत्र सिंगापूरच्या तळावरून आलं होतं.

"नीलम्माक्का कुठं हायत?"

"आत. बरं न्हाय तिला. भेटू नका."

सिताबाई टोपली उचलून आत गेली. महांतप्पांना उठून अडवायचं होतं, पण बांगडीवालीला माजघरात जाण्यापासून अडवायची पद्धत नव्हती.

६

नीलम्मा भिंतीला टेकून बसली होती. शेजारी ताकाचा तांब्या होता. ताक खाली बसून वर नुसतं पाणी आलं होतं.

"अक्का, हात बघू."

"नको बाई, दिवाळीला तर भरल्या."

"फुटक्या असतील तर बदलते."

एकही फुटकी नव्हती. दिवाळीला या हातावर बांगड्या चढवताना सिताबाईला दोनदा तेल लावावं लागलं होतं. आज तिनं हात नुसता वर उचलला तर बांगड्या खळखळत कोपराकडं गेल्या. कातडी कोरडी होती. चिमटीत धरून सोडली तर उभीच राहत होती.

"कालपासनं पाणी न्हाय तोंडात," सिताबाई म्हणाली.

नीलम्मानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

"दिवा लागला न्हाय ना काठाला?"

बाहेर महांतप्पांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"म्या दर सोमवारी सोडते," नीलम्मा म्हणाली. "माझं लेकरू पाण्यावर हाय. घरातल्या दिव्याचा त्याला काय उपेग? पायऱ्यावर त्यो शिपाई. म्हणून पाटात सोडला. म्हनलं, जहाजांच्या बाजूनं जाईल निघून." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याच्यासाठी सोडलेल्या दिव्यानं जहाजं जाळली, सिताबाई. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. अन् तिकडंबी त्याच दिशी जाळली. ह्यांनी रेडिओ बंद केला, पण गावाचं तोंड कोन बंद करणार? माझ्या रेवणचं जहाज म्याच जाळलं."

सिताबाईनं तिचा हात तसाच धरून ठेवला.

"अक्का, तिकडचं मला ठाऊक न्हाय. हिकडचं सांगते. चारला बंडप्पाला घेऊन चालल्यात. शांतम्माचा एक हात भरलाय, एक मोकळा हाय."

नीलम्मानं भिंतीला धरून उठायला सुरुवात केली.

७

साडेतीनला मोटार सुरू होऊन उभी होती. अमीनसाहेब अहवालाखाली सही करत होते. दारात सिताबाई, तिच्या खांद्याचा आधार घेतलेली नीलम्मा आणि मागं डोक्यावरचा रुमाल हातात घेतलेले महांतप्पा.

सिताबाईनं सगळं सांगितलं. जाळ खालून लागला, म्हणजे विमान नाही आणि कच्ची दारूही नाही. पूर्वेकडून लागला, म्हणजे पायऱ्यांवरून नाही. पूर्वेला फक्त पाट. पाटातलं काहीही पहिल्या जहाजाला जाऊन टेकतं, गोरोबाच्या काठीनं ते ऐतवारीच दाखवलं होतं. आणि विमानाचा आवाज महांतप्पांच्या माडीवरून येत होता.

"अन् दिवा माझा," नीलम्मा म्हणाली. "बंडप्पाला सोडा. मला न्या."

अमीनसाहेबांनी बाईकडं बघितलं, मग कागदाकडं. गुन्हेगार खरा सापडला होता, पण तो त्यांच्या आईच्या वयाचा होता आणि उभा राहू शकत नव्हता.

"कानून कानून है," ते म्हणाले. "मला नाव बदलून कागद पाठवावा लागेल."

"पाठवा की," सिताबाई म्हणाली. "पण साहेब, गुलबर्ग्याचे मोठे साहेब पहिलं काय इचारतील? पहारा कुणाचा हुता. जपान्याला तिकडं शेकड्यानं विमानं घालावी लागली. तुमचा पहारा मोडायला कणकेचा दिवा पुरला. तुमच्या नावापुढं हेच लिहितील, जन्मभर."

अमीनसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. सिदू खुर्चीतून हळूच उठला.

जरा वेळानं अमीनसाहेबांनी अहवाल फाडला आणि नवा कागद घेतला. त्यात लिहिलं की अव्वल तालुकदारसाहेबांसमोर कसूर राहू नये म्हणून जलशाची रंगीत तालीम सोमवारी सकाळी घेण्यात आली, सातही जहाजं हुकुमाप्रमाणे आणि वेळेत बुडाली, तालीम कामयाब. साक्षीदार म्हणून सिदूनं सही केली. गोरोबानं अंगठा दिला. त्याच्या काठीची नोंद तालमीच्या सामानात झाली.

चारच्या ठोक्याला धाराशिवहून निरोप आला. लढाई वाढल्यामुळे तालुकदारसाहेबांचा दौरा रद्द. अमीनसाहेबांनी तोही कागद अहवालाला जोडला आणि मोटार रिकामी परत पाठवली. सिताबाईला पेटी मिळाली. एक डझन बांगड्या पुरावा म्हणून अमीनसाहेबांच्या घरी राहिल्या.

बंडप्पा मनगटं चोळत बाहेर आला. शांतम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पण नीलम्मा चौकीच्या पायरीवर बसली होती ती उठत नव्हती, आणि महांतप्पांनी पुढं केलेलं पाणी तिनं बाजूला सारलं होतं.

"काय झालं, अक्का?" बंडप्पानं विचारलं. "सुटलो की सगळे."

"माझ्या दिव्यानं रेवणचं जहाज..."

बंडप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पहिलं कुठलं पेटलं? गोमुखापाशीचं न्हवं?"

"व्हय."

"मग? गोमुखाकडची तिन्ही जर्मनांची. आपली चार हिकडं, पायऱ्यांच्या अंगाला."

नीलम्मानं मान वर केली.

"तुमचा दिवा दुश्मनाला लागला, अक्का. बांधणारा म्या हाय, मला ठाऊक न्हाय व्हय?"

"पण मागनं सगळीच जळाली की."

"मागनं. मधी येळ गेला की. तेवढ्यात माणसं उड्या टाकून काठाला लागत्यात. रेवणला पवता येतंय का न्हाय?"

"येतंय. ह्याच तळ्यात शिकला."

"बघा मग."

नीलम्मानं पदर खोचला. मग शांतम्माच्या हातातला तांब्या घेतला आणि वरून धार धरून, मधे न थांबता, अख्खा तांब्या प्यायली. महांतप्पा रुमालात तोंड घालून भिंतीकडं वळले.

ती दोघं गेल्यावर सिताबाई शांतम्माचा मोकळा हात भरायला तिथंच पायरीवर बसली. शेवटची बांगडी चढवता चढवता तिनं बंडप्पाकडं न बघता विचारलं,

"खरंच गोमुखाकडची जर्मनांची हुती?"

"झेंडे मंगळवारी दुपारी चिकटवायचे हुते," बंडप्पा म्हणाला. "तवर सातीच्या साती माझीच."